बातमीवरून भांडत इंग्रजी शिकणं : आमच्या शनिवारच्या बैठकीचे अनुभव

कृष्णाकाठ :

लिहू लिहू म्हणत सहा महिने गेले, आज मुहूर्त लागला. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कराडजवळच्या खेड्यातली, पूर्ण मराठी माध्यम. आमच्या वेळी इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, तेव्हा मी बी.कॉम.ला होते. पुढची सगळी वर्षं हिशेबाच्या खात्यात गेली. इंग्रजी वाचता येतं, मेल लिहिता येते. बोलायची वेळ आली की आधी मनात मराठी वाक्य, मग त्याचं भाषांतर, मग 'हॅज' की 'हॅड' हा घोळ. तोवर कॉलवरची मंडळी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असतात. मी आपली 'येस, येस' करून मोकळी.

एका क्लासला पैसे भरले. तिथे रोज एक विषय : माझा आवडता सण, माझी सहल, माझं स्वप्न. आता दिवाळीवर मला मराठीतसुद्धा दोन मिनिटांच्या वर बोलता येत नाही, इंग्रजीत काय डोंबल बोलणार? फराळाची यादी सांगितली आणि खाली बसले.

मग आम्हीच पाच जण जमलो. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक (सगळे त्यांना काकाच म्हणतात), एक मेडिकलवाले दादा, परदेशी जायची तयारी करणारी नर्स, इंजिनिअरिंगचा एक पोरगा आणि मी. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी संध्याकाळी सहाला. ठरवलं एवढंच, की पेपरातली एक बातमी घ्यायची आणि तिच्यावर इंग्रजीत वाद घालायचा.

पहिले दोन महिने पार फसलो. आम्ही अग्रलेख घ्यायचो, तोही परराष्ट्र धोरणावरचा. शब्द जड, वाक्यं आठ-आठ ओळींची, आणि खरं सांगायचं तर त्या विषयावर आमच्यापैकी कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. प्रत्येक जण अग्रलेखातलीच वाक्यं चिठ्ठीवर उतरवून वाचायचा. मेडिकलवाले दादा म्हणाले, "हे म्हणजे प्रिस्क्रिप्शन वाचल्यासारखं झालं, औषध कुणीच घेत नाही."

२०२५च्या जानेवारीत एसटीची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. त्या शनिवारी तीच बातमी घेतली. कोण कुठल्या बाजूने बोलणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, दादांना चिठ्ठी आली 'भाडेवाढ चुकीची'. त्यांनी पाठ करून आणलेलं म्हटलं, "एसटी इज ऑल्वेज लेट. प्रायव्हेट बस इज बेटर." काका ते दोन महिने नुसते कागद वाचत होते, मान वर न करता. त्यांनी चष्मा काढला, कागद उलटा ठेवला आणि सुरू झाले :

"सर, व्हाय लेट? यू टेल मी व्हाय लेट. बस ओल्ड. ड्रायव्हर डबल ड्यूटी. रोड, यू नो रोड. लास्ट व्हिलेज, ओन्ली वन स्टुडंट, वन ओल्ड लेडी, स्टिल एसटी गोज. युअर प्रायव्हेट बस गोज? टेल मी, गोज?"

व्याकरणाचं सोडा. पाचही जण सरसावून बसलो. काका चार मिनिटं बोलले, आणि त्या चार मिनिटांत 'डेफिसिट' हा शब्द आपोआप आला, जो त्यांनी दहाच मिनिटांपूर्वी बातमीत पहिल्यांदा वाचला होता. दादांनी पाठांतर बाजूला टाकलं आणि ओरडले, "बट काका, धिस फेअर इज नॉट फेअर!" कोटी झालीये हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आम्ही हसून लोळलो.

त्या दिवशी मला उमगलं ते असं, की आमच्याकडे शब्द नव्हते असं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतं. ज्या विषयावर मराठीत गप्प बसवत नाही, तोच विषय इंग्रजीत घ्यायचा. शब्द नुकतेच डोळ्याखालून गेलेले असतात, रागाच्या भरात ते तोंडात येतात.

आता पद्धत. बातमी गुरुवारी ठरते. ती आधी मराठी पेपरात वाचून यायची. बैठकीत तीच बातमी इंग्रजी पेपरातली, दहा मिनिटं, मनातल्या मनात. पेन्सिल फक्त क्रियापदांखाली फिरवायची. नामं बहुतेक ओळखीची असतात, घोडं पेंड खातं ते क्रियापदाशी. मग चिठ्ठ्या, बाजूने की विरोधात. तुमचं खरं मत काय, याच्याशी चिठ्ठीला देणंघेणं नाही. दोन मिनिटं बोलायचं, मधे कुणी चूक काढायची नाही. एक जण त्या दिवसाचा कारकून, तो वहीत चुका टिपतो आणि शेवटी नाव न घेता वाचून दाखवतो. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेली चूक सांगू? 'डिस्कस अबाउट'. आपण विषया'बद्दल' चर्चा करतो ना, म्हणून तो 'अबाउट' हटकून चिकटतो. इंग्रजीत नुसतं 'डिस्कस' पुरतं. चर्चा करायलाच बसलेली माणसं वर्षभर नेमका हाच शब्द चुकवतायत!

मथळे वाचायला शिकलो हा वरचा फायदा. 'टू हेल्ड' वाचून मला वाटायचं दोघांनी काहीतरी धरलं. पोलिसांनी त्या दोघांना धरलेलं असतं, मधला 'वेअर' जागा वाचवायला गाळलेला. घडून गेलेली गोष्ट मथळ्यात साध्या वर्तमानकाळात येते, व्हायची असलेली गोष्ट नुसत्या 'टू'ने. 'कोर्ट टू हिअर प्ली' म्हणजे सुनावणी अजून व्हायचीय. एवढं कळलं आणि निम्मा पेपर सोपा झाला.

तुमच्यापैकी कुणी असं काही करतं का? विषय सुचवा, चुका सांगा.

खारीबिस्कीट :

भारी धागा. मथळ्यांवरून आठवलं. 'टोल रायझेस टू फॉर्टी' असा मथळा वाचून मी दोन मिनिटं खालापूरच्या नाक्याला शिव्या घातल्या होत्या. खाली पुराची बातमी. तो मृतांचा आकडा होता. बातमी वाचल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

आमच्या बाबांचा किस्सा वेगळा. 'ईडी क्विझेस एक्स-मिनिस्टर' (म्हणजे ईडीकडून माजी मंत्र्याची चौकशी) वाचून म्हणाले, "बक्षीस किती आहे?"

कृष्णाकाठ :

हसून हसून पुरेवाट! आमच्याकडे 'हायकोर्ट स्टेज डिमॉलिशन'वर इंजिनिअरिंगच्या पोराने विचारलं होतं, की हायकोर्ट पाडकामाच्या जागी राहायला का गेलं. स्थगिती हा मराठी शब्द त्याला माहीत होता, 'स्टे आणला' हेही घरी ऐकलेलं होतं, पण मथळ्यात तो जुळला नाही.

तळटीप :

धागा वाचनीय, पण मूळ कल्पनेशी असहमत. वर्तमानपत्री इंग्रजी ही बोलायची भाषा नव्हे. 'स्लॅम' (टीकेने झोडपणं), 'नॅब' (पकडणं), 'मल' (विचारात घेणं), 'ॲक्स' (काढून टाकणं) हे शब्द मथळ्याची रुंदी वाचवायला वापरतात. कुणी घरी येऊन सांगतं का, की आज साहेबांनी मला 'स्लॅम' केलं? शिवाय आपल्याकडच्या पेपरांचं इंग्रजी वेगळंच. 'मिस्क्रिअंट' (समाजकंटक), 'ॲबस्कॉन्डिंग' (फरार), 'लाठीचार्ज' हे जगाच्या पाठीवर दुसरीकडे बोलून पाहा.

आणि शब्द पेपरगणिक बदलतात. संसदेत विधेयक 'टेबल' केलं म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ते सभागृहापुढे मांडलं. अमेरिकेत तेच 'टेबल' केलं म्हणजे बाजूला ठेवलं. 'सँक्शन'चं तर विचारू नका. खर्चाला सँक्शन म्हणजे मंजुरी, देशावर सँक्शन म्हणजे निर्बंध. नवशिक्याने हे कसं सांभाळायचं?

कृष्णाकाठ :

तळटीप, मथळ्याच्या शब्दांबद्दल शंभर टक्के मान्य. पोराने एकदा मित्राला 'माय फादर स्लॅम्ड मी' असं लिहिलं, तो मित्र घाबरून फोन करत होता. तेव्हापासून आमच्या वहीत दोन रकाने आहेत : 'वाचायचे' आणि 'बोलायचे'. 'नॅब' पहिल्या रकान्यात, 'कॅच' दुसऱ्यात. 'मल' पहिल्यात, 'थिंकिंग ऑफ' दुसऱ्यात.

'सँक्शन'चं मात्र उलटं वाटतं. असा शब्द सुटा पाठ केला तर घोटाळा होतो. बातमीत भेटला तर कुणी, कुणावर, कशासाठी हे सोबतच येतं.

फळा_डस्टर :

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, निफाड तालुका. ताईंचा मुद्दा वर्गात रोज पाहतो.

आठवीच्या मुलांना पुस्तकातला संवाद वाचायला दिला की वर्ग झोपतो. एकदा कांदा निर्यातबंदीची इंग्रजी बातमी फळ्यावर लिहिली. डिसेंबर २०२३मध्ये बंदी आली होती, ती मे २०२४मध्ये उठली, पण सोबत ४० टक्के शुल्क बसवून. इथल्या पोराला बापाचं वय सांगता येणार नाही, पण लासलगावचा कालचा भाव क्विंटलमागे तोंडपाठ असतो. 'बॅन', 'एक्स्पोर्ट', 'ड्यूटी' हे शब्द शिकवावेच लागले नाहीत.

गंमत क्रियापदांची. मराठीत आपण बंदी 'घालतो' आणि 'उठवतो', शुल्क 'लादतो'. इंग्रजीत 'इम्पोज' आणि 'लिफ्ट'. एका मुलीने लगेच पकडलं : "सर, बंदी उठवली म्हणजे उचललीच की, लिफ्ट!" अशा जोड्या सापडल्या की मुलांना वाटतं ही भाषा अगदीच परकी नाही.

वाद घालायला दोन बाकं समोरासमोर लावतो. एकीकडे शेतकरी, एकीकडे शहरातलं गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाच्या बाकावर बसायला कुणी तयार नसतं, चिठ्ठीच टाकावी लागते. मागच्या खेपेला तिकडे बसलेला मुलगा म्हणाला, "सर, आय ॲम कस्टमर, बट माय हार्ट इज फार्मर." त्या वाक्याला मी लाल शाई लावली नाही.

पासबुक :

बँकेत आहे, आकड्यांवर बोलतो. बातमीतलं इंग्रजी शिकताना सगळ्यात जास्त माणसं 'बाय' आणि 'टू'मध्ये बुडतात.

६ जून २०२५ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६ टक्क्यांवरून साडेपाचवर आणला. बातमीत दोन आकडे होते. 'कट बाय फिफ्टी बेसिस पॉइंट्स', म्हणजे अर्ध्या टक्क्याने. आणि 'कट टू ५.५ पर्सेंट', म्हणजे साडेपाचपर्यंत. आमच्या शाखेत दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ पेपर घेऊन हजर, साडेपाच टक्क्यांनी दर कमी झाला म्हणून! त्यांच्या गृहकर्जाचं व्याज जवळजवळ संपलंच होतं बिचाऱ्यांच्या हिशेबाने. मराठीत 'ने' आणि 'वर' यांत आपण कधी चुकत नाही, इंग्रजीत मात्र दोन अक्षरांचा शब्द डोळ्यांतून निसटतो.

दुसरं, परदेशी बातमी घेतलीत तर मिलियन-बिलियन आधी फळ्यावर लिहून ठेवा. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. बोलता बोलता मनात रूपांतर करणं भल्याभल्यांना जमत नाही.

मांडवी :

गोव्याहून. आमच्याकडे तीन भाषांची खिचडी जुनीच. घरी कोंकणी, वाचायला मराठी, कचेरीत इंग्रजी. 'ओ हेराल्डो' तर १९०० साली पोर्तुगीजमध्ये सुरू झालेला पेपर, १९८३मध्ये इंग्रजी झाला. आमच्या आजोबांच्या पिढीने एका भाषेतला पेपर वाचता वाचता दुसरी भाषा उचललेली पाहिली आहे, म्हणून धाग्याचं नवल वाटलं नाही.

विषय सुचवते : म्हादई नदीच्या पाण्याचा वाद. २०१८च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी मिळालं. तीन बाजू आयत्या आहेत. फक्त एक सांभाळा. इंग्रजी बातमीत त्या निवाड्याला 'अवॉर्ड' म्हणतात. आमच्या महाविद्यालयातल्या चर्चेत एक मुलगा उठून तावातावाने विचारता झाला, की आमचं पाणी नेणाऱ्यांना पुरस्कार कशासाठी?

खारीबिस्कीट :

मांडवी, त्या मुलाला माझा पाठिंबा.

पेठेतला_पाहुणा :

यूपीएससी करतोय, सदाशिव पेठेत खोली. आमच्याकडे इंग्रजी पेपर वाचतात सगळे, बोलत कुणीच नाही. रंगीत पेनांनी पान असं भरतात की छापलेलं दिसत नाही. मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा पेपर पात्रतेपुरता, त्यामुळे तेवढं सुटलं की झालं, ही वृत्ती.

मी गेले दोन महिने मोबाइलवरच्या एआयशी वाद घालतोय. फायदा आहे. रात्री दोनला उपलब्ध असतो, हसत नाही, चूक विचारली तर सांगतो. पण भांडायला एकदम मिळमिळीत. मी जरा आवाज चढवला की म्हणतो, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. अरे, मग भांड की! त्याच्यापेक्षा आमचे मेसवाले बरे, भाजीत मीठ जास्त आहे हेही कबूल करत नाहीत.

शॉर्टवेव्ह :

वय वर्षं ७१. आमच्या काळी व्हॉइस ऑफ अमेरिकेची 'स्पेशल इंग्लिश' नावाची सेवा शॉर्टवेव्हवर लागायची. १९५९ साली सुरू झालेली. साधारण १५०० शब्दांत सगळं जग बसवायचे, वाक्यं आखूड, आणि वाचायचेही मुद्दाम सावकाश. खरखर इतकी, की निम्मे शब्द आपणच भरायचे. पण तो सावकाशपणा म्हणजे उपकार होते. बातमीदार श्वास घेई तेवढ्यात आपल्याला अर्थ लागे.

मी एक करायचो. आधी आकाशवाणीच्या मराठी बातम्या, मग इंग्रजी. काय सांगणार आहेत हे माहीत असलं की कसं सांगतात तिकडे कान लागतो. ताईंनी मराठी पेपर आधी वाचायला सांगितलंय, त्यातलं मर्म हेच.

वाद घालायला मात्र कुणी नव्हतं. मी रेडिओलाच उलट उत्तरं द्यायचो, 'नो सर, यू आर राँग'. सौ. स्वयंपाकघरातून विचारायची, कोण आलंय?

उत्तरसमुद्र :

आयर्लंडमध्ये नर्स आहे, नऊ वर्षं झाली. तुमच्या बैठकीतल्या नर्सबाईंसाठी हा प्रतिसाद.

वाद घालण्याचा सराव उत्तम, पण 'आय बेग टू डिफर', 'आय स्ट्राँगली डिसॅग्री' ही वाक्यं वक्तृत्व स्पर्धेत सोडून या. इथे वॉर्डात ती म्हटलीत तर लोक वळून बघतात. इथे मतभेद असा येतो : 'आय सी व्हॉट यू मीन, बट...' किंवा 'आय वंडर इफ...'. आधी समोरच्याला बसायला पाट द्यायचा, मग बोलायचं.

आणि आपली एक खास सवय. मराठी माणूस सहमत असला तरी सुरुवात 'नाही'ने करतो. 'नाही, बरोबर आहे तुमचं.' 'नाही नाही, मी तेच म्हणतोय.' मी पहिल्या महिन्यात वरिष्ठ सिस्टरला म्हणत राहिले, 'नो, यू आर राइट.' ती गोंधळून थांबायची. शेवटी तिने हळूच विचारलं, की तुला मी बरोबर वाटते की नाही? आजही दमले की तोंडातून तो 'नो' निघतो.

एक उच्चाराचं. 'लिव्ह' (राहणं) आणि 'लीव्ह' (सोडून जाणं) नीट करा. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसं बघत नाही. मी शेजारणीला आनंदाने सांगितलं होतं, की आय वाँट टू 'लीव्ह' हिअर. तिने सामान बांधायला मदत देऊ केली.

कृष्णाकाठ :

उत्तरसमुद्र, तुमचा प्रतिसाद उद्या बैठकीत मोठ्याने वाचणार. 'नो, यू आर राइट' आमच्या वहीत नाही, कारण कारकुनालाही ती चूक वाटलेली नाही!

तळटीप :

मूळ शंका कायम आहे, पण एक इतिहास जोडतो, म्हणजे मी नुसताच खडूस वाटणार नाही. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेला 'दर्पण' द्विभाषी होता. एकाच पानावर शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी रकाने. पुढे १८८१मध्ये 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत, एकाच मंडळींचे. १८८८चं आगरकरांचं 'सुधारक' पुन्हा दोन्ही भाषांत, इंग्रजी बाजू गोखल्यांकडे. म्हणजे एकच बातमी, एकच वाद दोन भाषांत वाचायची सोय आपल्याकडे होती. इंग्रजी म्हणजे वाघिणीचं दूध, हे वाक्य ज्याला त्याला ऐकवतात, हे कुणी सांगत नाही.

आता दुसरी शंका. राजकारणावर भांडणं होत नाहीत का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका बातमीवरून दोन घरांचं येणंजाणं बंद झालंय, तेही मराठीत.

कृष्णाकाठ :

वा, दर्पणचं माहीत होतं, पण शेजारी शेजारी रकाने हे डोक्यात आलं नव्हतं. आमची दोन पेपरांची पद्धत म्हणजे जांभेकरांचीच उधारी म्हणायची.

भांडणाचं म्हणाल तर हो, एकदा बैठक मोडायच्या बेताला आली होती. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, हा वाद. १६ एप्रिल २०२५चा शासन निर्णय, जूनमध्ये त्यात दुरुस्ती, आणि २९ जूनला सगळंच मागे. नर्सबाई आणि दादा यांच्यात अशी जुंपली की दोघंही मराठीवर आली, मग आवाजावर, आणि मग पक्षांची नावं निघाली. काका उठून जिन्यापर्यंत गेले. पुढच्या शनिवारी नियम केला : बैठकीत पक्षाचं आणि नेत्याचं नाव घ्यायचं नाही. 'गव्हर्न्मेंट', 'अपोझिशन', 'पेरेंट्स', 'टीचर्स' एवढंच म्हणायचं.

पण तीच बातमी नंतर आमचा सगळ्यात चांगला धडा ठरली. १७ जूनच्या दुरुस्तीत 'अनिवार्य' शब्द गेला आणि 'सर्वसाधारणपणे' आला. इंग्रजी पेपरांत तो 'जनरली' झाला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० मुलं हवीत, ही अट होतीच. आम्ही पूर्ण तास 'मँडेटरी', 'जनरली' आणि 'ऑप्शनल' या तीन शब्दांवर घालवला. 'जनरली' म्हटलं तर सोडता येतं की येत नाही? पोराचं म्हणणं, हॉस्टेलात 'जनरली' दहाला गेट बंद होतं, म्हणजे वॉचमनच्या मनावर. दादा म्हणाले, वीस मुलं आणा म्हटल्यावर ते 'ऑप्शनल' कसलं? पक्ष काढून घेतला तर त्याच बातमीत एवढं भांडायला सापडलं.

'अलेजेडली' पण त्यातूनच शिकलो. आरोप असलेल्या माणसाला आपण बोलता बोलता चोर म्हणून टाकतो. बातमी तसं म्हणत नाही. 'ही अलेजेडली टुक द मनी.' हा शब्द उच्चारायला काकांना तीन शनिवार लागले, आता ते तो भाजीवालीच्या वजनकाट्यालाही लावतात.

तळटीप :

पक्ष काढून भांडायची कल्पना सोसायटीत मांडून पाहतो. सेक्रेटरी अलेजेडली ऐकून घेतात.

अजिंक्यतारा :

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून टंकतेय. साताऱ्यात राहते, घरी शिवणकाम. मुलगी सेमी इंग्रजीला, तिच्या शाळेच्या मीटिंगला मी मागच्या बाकावर बसते. मला बातमी वाचून अर्थ लागतो, पण लोकांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. तुमच्यात बाहेरचं माणूस चालेल का? आणि अगदीच दोन वाक्यं बोलता आली तर?

कृष्णाकाठ :

अजिंक्यतारा, चालेल काय, धावेल. काकांनी पहिले दोन महिने मान वर केली नव्हती, हे वर लिहिलंच आहे. मी स्वतः पहिल्या दिवशी 'आय ॲग्री विथ हिम' एवढंच बोलले होते, आणि माझी चिठ्ठी विरोधातली होती. पहिल्या दिवशी हवं तर कारकून व्हा. वहीची जबाबदारी असली की कुणी तुमच्याकडे बघत नाही, सगळे तुमच्या वहीकडे बघतात.

येत्या शनिवारचा विषय काकांनी लावून धरलाय : एसटीत बायकांना मार्च २०२३पासून मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत चालू ठेवावी का. मराठी बातमी वाचून या, इंग्रजीची छायाप्रत इथे मिळेल. स्टँडवरून वाचनालय दहा मिनिटांवर आहे, नर्सबाई घ्यायला येतील.

अजिंक्यतारा :

येते मग. दुपारच्या गाडीने. पण अहो, चिठ्ठी विरोधातली निघाली तर? अर्ध्या तिकिटावर येऊन अर्ध्या तिकिटाविरुद्ध बोलायचं?

कृष्णाकाठ :

काकांना आत्ताच फोनवर विचारलं. म्हणाले, "टेल हर, कीप द तिकीट सेफ. इट इज एव्हिडन्स."